बारा मिनिटं इअरप्लग बाहेर

एक गणित सोडवू. दोन वादक शेजारी शेजारी बसून दोन तास तालीम करताहेत. त्यांच्या कानांपाशी आवाज १०० डेसिबल आहे. ड्रमसेट, ॲम्प्लिफायर आणि ट्रम्पेट-ट्रॉम्बोनच्या गराड्यात एवढा आवाज सहज होतो. पहिल्याच्या कानात आवाज २५ डेसिबलने कमी करणारे इअरप्लग आहेत. पण त्यांत त्याला कोंडल्यासारखं होतं. म्हणून शेजाऱ्याशी बोलायला, सूर तपासायला, एखादी नाजूक जागा नीट ऐकायला तो ते अधूनमधून काढतो. बाकीचे तोवर वाजवतच असतात. सगळं मिळून बारा मिनिटं त्याचे कान उघडे राहतात. दुसऱ्याचे इअरप्लग फक्त १५ डेसिबलचे. पण दोन तासांत त्याने ते एकदाही काढलेले नाहीत.

तालीम संपल्यावर कोणाच्या कानांवर जास्त भार पडलेला असेल? पहिल्याच्या. आणि तोही दुसऱ्याच्या तिपटीहून अधिक.

हिशेब पुढे येईलच. इअरप्लगने संगीतकारांचे कान खरंच वाचतात का, या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते त्याच हिशेबात दडलेलं आहे. वाचतात, पण नीट बसवलेले असतील तर, आणि जेवढा वेळ कानात असतील तेवढाच वेळ. मग वादकासाठी चांगला इअरप्लग कोणता? जो काढावासा वाटत नाही तो. खोक्यावरचा मोठा आकडा त्यानंतर बघायचा.

तीन डेसिबलची किंमत

डेसिबलचं माप फुटपट्टीसारखं सरळ वाढत नाही. आवाज ३ डेसिबलने वाढला की त्यातली ऊर्जा दुप्पट होते. गंमत अशी की आपल्याला तो दुप्पट मोठा वाटत नाही. ९७ आणि १०० डेसिबलमधला फरक बहुतेकांना जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते आणि तोवर ऊर्जा दहापट झालेली असते. म्हणजे आवाज किती धोकादायक आहे हे ठरवायला कानाची साक्ष कामाची नाही.

नुकसान ठरतं ते ऊर्जा आणि वेळ यांच्या गुणाकारावर. उन्हाचं जसं, ते किती कडक होतं आणि त्यात किती वेळ उभे होतो हे दोन्ही मोजावं लागतं, तसंच आवाजाचं. अमेरिकेतली व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य यांवर संशोधन करणारी सरकारी संस्था, नायॉश, दिवसाला ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही मर्यादा सुचवते. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो: ८८ डेसिबलला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटं. एवढ्यात दिवसाचा कोटा संपला.

ही मर्यादा म्हणजे अभयदानही नव्हे. चाळीस वर्षं रोज ८५ डेसिबलमध्ये काम केलं तर, अशा आवाजात न राहिलेल्यांच्या तुलनेत, सुमारे ८ टक्के जादा लोकांचं ऐकणं लक्षणीय बिघडेल, असं नायॉशनेच १९९८ मध्ये म्हटलं होतं. शिवाय इथे ‘बिघडणं’ मोजलं जातं ते बोलणं समजण्याच्या कसोटीवर. समोरच्याचं वाक्य कळलं की काम भागलं, एवढीच ती अपेक्षा. वादकाला सूर किंचित उतरलाय हे कळावं लागतं. दोन व्हायोलिनच्या नादातला फरक ओळखावा लागतो. त्याच्यासाठी ही कसोटी फारच ढिली आहे.

‘पण हे कारखान्यांचे नियम, संगीत म्हणजे काही गोंगाट नव्हे,’ असा युक्तिवाद वादकांकडून हमखास येतो. सुरेल काय आणि बेसूर काय, हे ठरवणं मेंदूचं काम. आतल्या कानापर्यंत फक्त दाबाच्या लाटा पोचतात. तिथे शंखाकृती वेटोळ्या नळीत प्रत्येक कानात साधारण पंधरा हजार केशपेशी असतात. त्यांतल्या सुमारे साडेतीन हजार ध्वनीचा संदेश मेंदूकडे पाठवतात आणि बाकीच्या येणाऱ्या कंपनांना बळ देऊन ऐकणं तीक्ष्ण करतात. या दुसऱ्या प्रकारच्या पेशी आधी मरतात. पक्ष्यांमध्ये केशपेशी पुन्हा उगवतात, माणसात नाही.

नुकसानीची सुरुवात बहुधा ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं) पट्ट्यात होते आणि श्रवणचाचणीच्या आलेखावर ४,००० च्या आसपास खाच दिसते. पियानोची सगळ्यात वरची पट्टी ४,१८६ हर्ट्झची आहे. म्हणजे बहुतेक वाद्यांचे मूळ सूर या खाचेच्या खाली राहतात आणि म्हणूनच सुरुवातीला काही कळत नाही. हळूहळू हरवतात ते वरचे उपस्वर, ज्यांच्यामुळे एकाच सुरातले दोन आवाज वेगळे ओळखू येतात. कालांतराने गर्दीत बोललेलं कळेनासं होतं, तेव्हा माणूस तपासायला जातो.

हे वादकांमध्ये खरंच घडतं का? शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या वादकांवरचा एक अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या वादकांपैकी ५२.५ टक्क्यांच्या आलेखात आवाजामुळे होते तशी खाच होती. व्हायोलिन आणि व्हायोला वाजवणाऱ्यांचा डावा कान उजव्यापेक्षा कमजोर होता, कारण वाद्य त्याच कानाशी असतं. जर्मनीत सुमारे ७० लाख विमाधारकांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि २०१४ मध्ये निष्कर्ष आला: व्यावसायिक संगीतकारांमध्ये आवाजामुळे होणाऱ्या बहिरेपणाचं प्रमाण इतरांच्या साडेतीन पटींहून जास्त. रॉक असो वा शास्त्रीय, कानाला दोन्ही सारखंच.

कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजणं, दडे बसणं आणि सकाळपर्यंत सगळं पूर्ववत होणं, हा अनुभव कित्येकांना आहे. ‘सकाळी ठीक झालं’ यावर फार विसंबू नये. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाल्यावरही केशपेशी आणि श्रवणतंतू यांच्यातले कितीतरी जोड कायमचे तुटलेले असू शकतात. साध्या तपासणीत हे दिसतही नाही.

इअरप्लग काम करतात याचा पुरावा

२०१५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका खुल्या संगीत महोत्सवात डॉक्टरांनी साधा, नेटका प्रयोग केला. ५१ स्वयंसेवक, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले. एका गटाच्या कानात इअरप्लग, दुसऱ्याचे कान उघडे. साडेचार तास, सरासरी १०० डेसिबल. नंतर तपासलं तर उघड्या गटातल्या ४२ टक्के कानांचं ऐकणं तात्पुरतं मंदावलं होतं. इअरप्लगवाल्यांत हे प्रमाण ८ टक्के होतं. कानात गुणगुण सुरू झालेल्यांचं प्रमाण ४० विरुद्ध १२ टक्के.

एवढा स्वच्छ निकाल सहसा मिळत नाही. तरी दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. हे श्रोते होते, वादक नव्हते. आणि मोजलं गेलं ते तात्पुरतं नुकसान. वादकांचे दोन गट करून एकाला वीस वर्षं उघड्या कानांनी वाजवायला लावायचं, असा प्रयोग कोणतीही नीतिमत्ता समिती मंजूर करणार नाही. त्यामुळे दीर्घकालीन पुरावा निरीक्षणांतून आणि भौतिकशास्त्राच्या हिशेबातूनच येतो. तो हिशेब मात्र पक्का आहे: कानाच्या पडद्यापर्यंत कमी ऊर्जा पोचली तर केशपेशींवर कमी मार.

शंका घ्यायचीच तर खोक्यावरच्या आकड्याबद्दल घ्यावी. तो आकडा प्रयोगशाळेतला असतो. तिथे प्लग काळजीपूर्वक बसवलेला असतो आणि माणूस हलत नसतो. प्रत्यक्षात लोक प्लग अर्धवट खोचतात. म्हणून नायॉशचा सल्ला असा की व्यक्तिगत चाचणी केलेली नसेल तर दाबून घालायच्या फोमच्या प्लगचा छापील आकडा निम्मा धरावा, आणि इतर प्रकारच्या प्लगचा तर ७० टक्के वजा करून उरेल तेवढाच. हा सल्ला जरा कठोर आहे. नीट बसवलेला प्लग यापेक्षा बरंच जास्त देतो. पण ‘नीट बसवलेला’ या दोन शब्दांत सगळं आलं. कोक्रेन (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) हिच्या २०१७ च्या आढाव्यात असं आढळलं की प्लग कसा घालायचा हे कामगारांना फक्त शिकवलं, तरी आवाज सरासरी ८ ते ९ डेसिबलने आणखी कमी होतो. ८ डेसिबल कमी म्हणजे ऊर्जा एक षष्ठांशाहूनही कमी. एवढा फायदा नवा प्लग न घेता, फक्त शिकून मिळतो.

आता ते गणित

१०० डेसिबलला दिवसाचा कोटा पंधरा मिनिटांचा. पहिल्या वादकाने बारा मिनिटं कान उघडे ठेवले. तेवढ्यातच कोट्याचा ८० टक्के भाग गेला. उरलेली १०८ मिनिटं त्याच्या कानात ७५ डेसिबल पोचले, त्याचे जेमतेम २ टक्के. एकूण ८२ टक्के.

दुसऱ्याच्या कानात दोन तास ८५ डेसिबल. ८५ चा कोटा आठ तासांचा, म्हणजे वापर २५ टक्के.

गणित थोडं पुढे नेलं तर आणखी मजा आहे. पहिल्याने २५ ऐवजी अगदी ४० डेसिबलचे प्लग घातले असते आणि बारा मिनिटं तशीच काढली असती, तरी आकडा ८० च्या खाली येऊच शकत नाही. उघड्या बारा मिनिटांची किंमत कोणताही प्लग परत देत नाही. आणि दुसऱ्याने आपले १५ डेसिबलचे प्लग बारा मिनिटं काढले असते, तर तोही शंभरी ओलांडून गेला असता. दहा टक्के वेळ कान उघडे राहिले की २५ चा प्लग सरासरी १० डेसिबलचा होतो आणि १५ चा सुमारे ९ चा. दोघांत फरकच उरत नाही.

म्हणून ‘जास्तीत जास्त आवाज अडवणारे द्या’ ही मागणी वादकाच्या बाबतीत उलटते. गरजेपेक्षा जड प्लग घातला की ऐकू येत नाही, ऐकू येत नाही म्हणून तो काढला जातो, आणि नेमका मोठ्या आवाजात काढला जातो. कानांशी ९१ डेसिबल असतील तर ९ डेसिबलचा हलका प्लगही कोटा दोन तासांवरून सोळा तासांवर नेतो.

वादक प्लग का काढतात

आळस हे कारण फार वेळा दिलं जातं. मला ते पटत नाही. वादकाची रोजीरोटी ऐकण्यावर आहे आणि साधा फोमचा प्लग ऐकणं वाकडं करतो. तो खर्जातला आवाज कमी अडवतो आणि वरचा जास्त. परिणामी सगळं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. गायकाचा ‘स’ आणि ‘श’ हरवतो, व्हायोलिनची धार जाते, सिंबलचा ‘छन्न’ उरतो कुठे? उरतो तो बास गिटारचा घुमारा.

यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते कानाच्या बांधणीत आहे. बाहेरच्या छिद्रापासून पडद्यापर्यंतची अडीच सेंटिमीटरची नळी बासरीसारखी घुमते. २,७०० हर्ट्झच्या आसपासचे आवाज ती नैसर्गिकरीत्याच मोठे करते, कधी १५ डेसिबल किंवा त्याहून जास्त. जन्मापासून आपण जग या घुमण्यासकटच ऐकतो, म्हणून ते आपल्याला ‘सपाट’ वाटतं. नळीत बूच बसवलं की हे घुमणं बंद. म्हणजे एखाद्या पदार्थाने सगळे आवाज अगदी सारखे अडवले तरी कानाला मधला पट्टा गेलेलाच वाटणार. (याच घुमण्यामुळे ४,००० हर्ट्झजवळची खाच पडायला हातभार लागतो, हा निसर्गाचा थोडा दुष्टपणा.)

१९८८ मध्ये अमेरिकेतल्या एटिमॉटिक रिसर्च या कंपनीने मीड किलियन यांच्या नेतृत्वाखाली यावर उपाय बाजारात आणला: ईआर-१५. मूळ कल्पना एल्मर कार्लसन या अभियंत्याची. कानाचा साचा घेऊन बनवलेल्या मऊ प्लगमध्ये एक बारीक नळी आणि तिच्या तोंडाशी पातळ पडदा असलेली छोटी बटणासारखी चकती. नळीतली हवा वस्तुमानाचं काम करते, पडदा स्प्रिंगचं. दोन्हींची मापं अशी जुळवली की जोडी बरोबर २,७०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि तिथला आवाज थोडा जास्त आत सोडते. नळी बंद झाल्याने जे घुमणं गेलं ते प्लगच परत करतो. परिणाम असा की खर्जापासून तारसप्तकापर्यंत सगळं साधारण सारख्याच प्रमाणात खाली येतं, जणू कोणी फक्त आवाजाचं बटण फिरवलं. बॅटरी नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही. मला यंत्रकलेचे असे नमुने फार आवडतात.

चकती बदलून ९, १५ किंवा २५ डेसिबल अशी पातळी निवडता येते. साच्याशिवाय मिळणारे, झाडासारखे तीन झालरी असलेले प्लगही याच तत्त्वावर बनतात. ते इतके सपाट नसतात, पण फोमपेक्षा संगीताला कितीतरी न्याय देतात. सुरुवात त्यांनीच करावी.

एक मेख मात्र दोन्हींना आहे. प्लगच्या कडेने थोडी जरी फट राहिली तरी आधी खर्ज आत शिरतो आणि तो सपाटपणा संपतो. ‘संगीतकारांचे म्हणून घेतले आणि तरी चिखल ऐकू येतो,’ अशी तक्रार करणाऱ्यांचे प्लग नीट बसत नसण्याचीच शक्यता मोठी. साच्यावरचे प्लगही वर्षानुवर्षं तसेच बसत नाहीत. कानाचा आकार वजन आणि वयाबरोबर बदलतो, प्लगही कडक होतो.

गायक आणि फुंकवाद्यांची अडचण

आता सगळ्यात अवघड भाग. आत्ता दोन्ही कानांत बोटं घालून ‘ऊ’ म्हणून पाहा. आवाज डोक्यात घुमतो, नाही का? आपण गातो किंवा बोलतो तेव्हा जबड्याची आणि कवटीची हाडं थरथरतात आणि कानाच्या नळीच्या भिंतीही. नळी उघडी असते तेव्हा या थरथरीतला खर्जाचा भाग बाहेर निघून जातो. बूच लावलं की तो आत अडकतो आणि पडद्यावर आदळतो. उथळ बसलेल्या प्लगने स्वतःचा खर्ज २० डेसिबलपर्यंत वाढल्यासारखा होऊ शकतो. बाहेरचे सगळे खाली आणि स्वतःचा घुमारा वर, अशा स्थितीत सुरात राहणं ही शिक्षाच.

गायक, ट्रम्पेट-ट्रॉम्बोनवाले आणि क्लॅरिनेट-सॅक्सोफोनवाले यांना हे सर्वाधिक जाणवतं, कारण दात आणि जबडा थेट कंपनात असतात. हनुवटीखाली वाद्य धरणाऱ्या व्हायोलिनवादकालाही थोडं जाणवतं. ड्रमर किंवा गिटारवादकाची यातून बहुतांशी सुटका होते. त्यामुळे ‘आमच्या ड्रमरला चालतं, तुला का नाही?’ हा प्रश्न अन्यायाचा आहे.

उपाय थोडा विचित्र वाटेल: प्लग आणखी आत घालायचा. नळीचा बाहेरचा भाग कूर्चेचा आहे आणि आतला हाडाचा. थरथर मुख्यतः कूर्चेच्या भागात असते. प्लग दुसऱ्या वळणाच्या पुढे, हाडाच्या भागात जाऊन बसला तर अडकायला जागाच उरत नाही आणि घुमारा बराच कमी होतो. म्हणून फुंकवाद्य वाजवणाऱ्याने साचा घेताना तो खोल घ्यायला सांगावं आणि साचा घट्ट होईपर्यंत तोंड त्या वाद्याला लागतं तसं ठेवावं. जबडा हलला की नळीचा आकारही बदलतो. हे काम अनुभवी श्रवणतज्ज्ञाचं. घरी प्रयोग करू नयेत.

एवढं करूनही काहींना जमत नाही, हे मान्य केलंच पाहिजे. काही व्हायोलिनवादक फक्त डाव्या कानात प्लग घालतात. दिशेचं भान थोडं बिघडतं, पण ज्या कानाला जास्त मार बसतो त्याला आडोसा मिळतो. काही ट्रम्पेटवादक स्वतः वाजवताना प्लग काढतात आणि इतरांच्या लांबलचक भागांत घालतात. वरच्या गणितात हे चांगलं दिसत नाही, पण शून्यापेक्षा बरं.

आणखी एक बारकावा. प्लग घातल्यावर आपण किती जोरात वाजवतो याचा अंदाज चुकतो. हाडांतून स्वतःचा आवाज मोठा ऐकू येणारा फुंकवादक नकळत हळू वाजवू शकतो. काठीचा कडकपणा मंद ऐकू येणारा ड्रमर नकळत जास्त जोर लावू शकतो. म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदा प्लग घालणं हा हमखास फसण्याचा मार्ग आहे. घरच्या सरावात रोज थोडा वेळ, मग तालमीत, मग मंचावर. मेंदूला नवा समतोल शिकायला काही आठवडे द्यावे लागतात.

प्लग ही शेवटची भिंत

लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये सप्टेंबर २०१२ मध्ये एका ऑपेराची तालीम चालू होती. एक व्हायोलावादक ब्रास विभागाच्या, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनसारख्या पितळी वाद्यांच्या, थेट पुढे बसला होता. त्या तालमीत त्याच्या कानांना कायमची इजा झाली आणि त्याची वादनाची कारकीर्द संपली. संस्थेने वादकांना इअरप्लग दिलेले होते. तरी २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने वादकाच्या बाजूने निकाल दिला आणि २०१९ मध्ये अपील न्यायालयातही संस्थेची जबाबदारी कायम राहिली. प्लगचा डबा हातात ठेवला की कर्तव्य संपत नाही. कोण कोणाच्या पुढे बसतं याचाही विचार आधी व्हायला हवा, हा त्यातला मला महत्त्वाचा वाटणारा मुद्दा.

मोकळ्या जागेत स्रोतापासूनचं अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल कमी होतात. खोलीत भिंतींवरून परत येणाऱ्या आवाजामुळे एवढा फायदा मिळत नाही, पण ट्रम्पेटचं तोंड कोणाच्या डोक्याशी असण्याऐवजी डोक्यावरून गेलं, म्हणजे मागची रांग उंच चौथऱ्यावर बसवली, तरी फरक पडतो. गिटारचा ॲम्प्लिफायर जमिनीवरून उचलून वादकाच्या कानाच्या दिशेने तिरका केला तर वादक स्वतःहून आवाज खाली आणतो. पाठीमागे लावलेले पारदर्शक पडदे मात्र जपून वापरावेत. ते डोक्याच्या अगदी जवळ असतील तरच पुढच्याला थोडा आडोसा देतात, आणि मागच्या वादकाचा आवाज त्याच्यावरच परतवतात.

कानातले मॉनिटर, म्हणजे मंचावरचं वादन थेट कानात ऐकवणारे छोटे हेडफोन, वापरणारे ‘आमचे कान तर बंदच असतात’ म्हणतात. बंद असतात हे खरं, पण आत एक स्पीकर आहे. मंचावरचा गदारोळ अडवला गेला म्हणून आवाज खाली आणला तर फायदा. सवयीने पूर्वीइतकाच ठेवला तर काहीच मिळवलं नाही. आणि एक कान काढून ‘प्रेक्षक ऐकू येतात’ म्हणणाऱ्याचा एक कान उघडा राहतो आणि त्याची भरपाई म्हणून दुसऱ्यातला आवाज वाढवला जातो.

घालायचे कसे

फोमचा प्लग बोटांत वळून अगदी बारीक, सुरकुती न पडू देता करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, म्हणजे नळी सरळ होते. प्लग आत सारायचा आणि फुगेपर्यंत, साधारण अर्धं मिनिट, बोटाने धरून ठेवायचा. झालरींच्या प्लगला वळायची गरज नाही, पण कान ओढणं तिथेही हवंच; आधी किंचित ओला केला तर सहज सरकतो. हात स्वच्छ असावेत.

बसला की नाही हे असं तपासा: सलग आवाज चालू असताना दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबा आणि सोडा. आवाजात फार फरक पडला तर प्लग गळतोय. मग तोंड मिटून गुणगुणा. गुणगुण डोक्याच्या मधोमध वाटली पाहिजे. एका बाजूला ओढली गेली तर दोन्ही प्लग सारखे बसलेले नाहीत. कापसाचा बोळा किंवा कागदाची सुरळी यांना इअरप्लग म्हणू नये. त्यांच्यातून आवाज जवळजवळ जसाच्या तसा जातो आणि मनाला उगाच दिलासा मिळतो.

प्लग काढायचाच असेल तर आवाज थांबलेला असताना काढा, किंवा जागेवरून उठून बाहेर जाऊन काढा. बोलायला काढायची गरज बहुधा नसतेच; सपाट प्लगमधून बोलणं नीट कळतं.

उलट टोकालाही जाऊ नये. कानात गुणगुण सुरू झाली म्हणून काही जण घाबरून दिवसभर, शांत घरातही प्लग घालून बसतात. त्याने मेंदू आतला आवाज आणखी वाढवतो आणि साधे आवाजही बोचू लागतात. प्लग मोठ्या आवाजापुरते. आणि बासरीच्या किंवा गिटारच्या हळुवार एकट्या सरावाला ते बहुधा लागतही नाहीत. फोनवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपने अंदाज घ्यावा, आकडा अगदी अचूक नसला तरी चालेल.

पहिली श्रवणचाचणी त्रास सुरू होण्याआधी करून ठेवावी, म्हणजे पुढच्या दरवर्षीच्या चाचणीला तुलनेसाठी काहीतरी असतं. जाण्यापूर्वी किमान चौदा तास मोठ्या आवाजापासून दूर राहायचं, नाहीतर आदल्या रात्रीची तालीम आलेखात दिसते. तपासणाऱ्याला आपण वादक आहोत हे सांगायचं, आणि ३,०००, ४,००० आणि ६,००० हर्ट्झ हे तिन्ही बिंदू मोजायला सांगायचे. घाईच्या तपासणीत त्यांतला एखादा गाळला जाऊ शकतो.